निकाहची व्हिडिओ, दादींचा आवाज आणि फेरफार उतारे: हार्ड डिस्क घ्यावी, एसएसडी की पेन ड्राइव्ह?

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा आमच्या एका नातेवाइकांच्या तळमजल्यावरच्या लोखंडी कपाटात घरातले सगळे कागद होते. निकाहनामे, शाळा सोडल्याचे दाखले, जमिनीचे फेरफार उतारे. त्याच कपाटात एक पोर्टेबल हार्ड डिस्क होती आणि तिच्यात याच सगळ्या कागदांचे स्कॅन होते. म्हणजे मूळ कागद आणि त्याची कॉपी एकाच कपाटात, एकाच पाण्यात! पाणी ओसरल्यावर डिस्क चिखलातून काढली, पुसली, दोन दिवस उन्हात ठेवली आणि कॉम्प्युटरला लावून पाहिली. चालली नाही. कागद पुढे तहसील कचेरीत आणि शाळेत हेलपाटे घालून बरेचसे मिळाले. पण त्या डिस्कमध्ये मरहूम दादींचा फजरनंतरच्या तिलावतीचा आवाज होता, तो गेला तो गेलाच.

तेव्हापासून घरात कुणी विचारलं की "काय घेऊ, हार्ड डिस्क की ती नवी एसएसडी?" तर आम्ही आधी उलट विचारतो, "ठेवायचं काय आहे आणि किती वर्षं?" कारण दुकानात उत्तर एकच मिळतं, हे घ्या, फास्ट आहे. फास्ट असणं ही एक गोष्ट झाली, टिकणं ही दुसरी.

आधी एक गोंधळ दूर करू. 'पोर्टेबल' ही वेगळी जात नाही. पोर्टेबल म्हणजे फक्त बाहेरची डबी आणि यूएसबीची वायर. त्या डबीच्या आत जुन्या पद्धतीची फिरणारी हार्ड डिस्क असू शकते किंवा एसएसडी असू शकते. बाहेरून दोन्ही सारख्या दिसतात, म्हणून खोक्यावर नीट वाचावं.

हार्ड डिस्कच्या आत आरशासारख्या गुळगुळीत चकत्या असतात आणि त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात. चकतीवर चुंबकीय थर असतो आणि एक बारीक हेड त्यावरून वाचत-लिहीत जातं. हे हेड चकतीला टेकत नाही, काही नॅनोमीटर वर तरंगतं. माणसाचा केस त्यापेक्षा हजारो पट जाड असतो, यावरून अंदाज घ्या. १९५६ मध्ये आयबीएमने पहिली हार्ड डिस्क काढली, तेव्हा २४ इंची ५० चकत्या मिळून साधारण ५० लाख अक्षरं मावायची. आज मोबाइलवर काढलेल्या एका फोटोला तेवढी जागा लागते. तत्त्व मात्र तेच आहे, फिरणारी चकती आणि तरंगणारं हेड. म्हणूनच चालू हार्ड डिस्क टेबलावरून पडली की हेड चकतीवर आपटतं आणि ओरखडा उठतो. मुलांच्या पायात वायर अडकली आणि डिस्क खाली आली, हा प्रकार घरोघरी होतो.

एसएसडीत फिरणारं काहीच नाही. तिच्यात फ्लॅश मेमरीच्या चिप असतात आणि माहिती अतिशय बारीक कप्प्यांत विजेच्या चार्जच्या रूपात साठते. ही फ्लॅश मेमरी जपानच्या तोशिबा कंपनीतले इंजिनिअर फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधली. पेन ड्राइव्ह आणि मोबाइलचं मेमरी कार्डही याच कुळातलं, फक्त त्यांत चिप बहुधा हलक्या प्रतीची असते आणि तिच्यावर देखरेख करणारा कंट्रोलरही साधा असतो. एसएसडी हातातून पडली तर सहसा काही होत नाही. आवाज नाही, वजन नाही.

वेगाचा फरक हिशोबाने पाहू. एका लग्नाचं शूटिंग, मेहंदीपासून वलीम्यापर्यंत, समजा २०० जीबी भरलं. पोर्टेबल हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १२० एमबी घेते, म्हणजे अर्ध्या तासाच्या आत काम झालं. ५०० एमबीची पोर्टेबल एसएसडी तेच सात मिनिटांत उरकते. आणि सेकंदाला १० एमबी लिहिणारा स्वस्तातला पेन ड्राइव्ह साडेपाच तास घेतो, तोही मधे तापून बंद पडला नाही तर. यात एक गोम आहे. महाग एसएसडी आणली आणि जुन्या यूएसबी २ च्या पोर्टला लावली, तर ती सेकंदाला ४० एमबीच्या पुढे फारशी जात नाही. यूएसबी ३ चा पोर्ट बऱ्याच कॉम्प्युटरवर आतून निळा असतो, तो शोधावा. वायरही सोबत आलेलीच वापरावी, मोबाइल चार्जरची वायर लावून मग डिस्क मंद आहे म्हणू नये.

कॉम्प्युटरच्या आत बसवायची असेल तर आम्ही डोळे मिटून एसएसडी म्हणू. घरात सात-आठ वर्षांचा लॅपटॉप असेल, सुरू व्हायला पाच मिनिटं घेत असेल आणि मुलगी ऑनलाइन क्लासला बसण्याआधी वैतागत असेल, तर नव्या लॅपटॉपचा खर्च करण्याआधी हे करून बघा. आत अडीच इंची हार्ड डिस्क असेल तर त्याच जागी त्याच मापाची साटा एसएसडी बसते. लॅपटॉप अक्षरशः बदलल्यासारखा वाटतो. काढलेली जुनी डिस्क दुकानात सोडून येऊ नका. साध्या यूएसबीच्या डबीत ती घातली की तीच पोर्टेबल हार्ड डिस्क होते.

साठवण करून वर्षानुवर्षं ठेवायचं असेल तर मात्र आमचं मत बदलतं. तेवढ्याच टीबीला एसएसडी हार्ड डिस्कपेक्षा महाग पडते, ही एक बाजू. दुसरी बाजू फारसं कुणी सांगत नाही: एसएसडी आणि पेन ड्राइव्ह विजेशिवाय वर्षानुवर्षं पडून राहिले तर कप्प्यांतला चार्ज हळूहळू उतरतो, गरम जागी आणि बराच वापर झालेल्या चिपमध्ये लवकर. म्हणजे निकाहची व्हिडिओ पेन ड्राइव्हमध्ये भरून तो दागिन्यांच्या डब्यात ठेवला आणि दहा वर्षांनी काढला, तर तो उघडेलच याचा भरवसा नाही. हार्ड डिस्कवरची चुंबकीय नोंद अशी उतरत नाही. पण तिची मोटर आणि हेड न चालवता आखडू शकतात. म्हणून कोणतीही असो, सहा महिन्यांतून एकदा लावून फाइल उघडून बघावी. आमच्याकडे रमजानच्या आधीच्या साफसफाईत हे काम होतं, तेवढंच लक्षात राहतं.

मरण्याची पद्धतही दोघींची वेगळी. हार्ड डिस्क बऱ्याचदा आधी कुरकुरते. टक-टक आवाज येतो, फाइल उघडायला वेळ लागतो, मधेच गायब होते. असा आवाज आला की पुन्हा पुन्हा लावून बघण्याचा मोह टाळावा, दर वेळी ओरखडा वाढतो. लगेच बंद करून डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्यावी. हे काम स्वस्त नाही, पण होण्याची शक्यता असते. एसएसडी बहुधा काही न सांगता जाते, काल चालत होती आणि आज दिसतच नाही. तिच्यातून चुकून डिलीट झालेलं परत मिळवणंही अवघड, कारण आजचे कॉम्प्युटर डिलीट केलेली जागा एसएसडीला आतून साफ करायला सांगतात.

पाण्यात भिजलेल्या डिस्कबद्दल आमच्या नातेवाइकांनी केलं तेच सगळे करतात आणि तेच चुकीचं आहे. वाळवायची नाही, चालू तर मुळीच करायची नाही. चिखल आत वाळला की चकतीला चिकटून बसतो. ओली असताना तशीच प्लास्टिकच्या बंद पिशवीत घालून जाणकाराकडे पोचवावी. आम्हाला हे नंतर कळलं.

पेन ड्राइव्हचं काम आम्ही एकच मानतो: इकडून तिकडे नेणं. झेरॉक्सच्या दुकानात फॉर्म छापायला, मदरशाच्या जलशात बयान लावायला तो ठीक आहे, तिजोरी म्हणून नाही. त्यातही रस्त्यावर किंवा ऑनलाइन फारच स्वस्तात मिळणारे '२ टीबी'चे पेन ड्राइव्ह म्हणजे निव्वळ फसवणूक. आत ३२ किंवा ६४ जीबीची चिप असते आणि कॉम्प्युटरला खोटा आकडा दाखवला जातो. खरी जागा भरेपर्यंत सगळं छान चालतं, पुढच्या फाइलची नावं दिसतात पण आत काही नसतं. विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचा एक फुकट प्रोग्राम पूर्ण ड्राइव्ह भरून वाचून दाखवतो आणि खरं-खोटं बाहेर येतं. नवा ड्राइव्ह आणला की आधी हे करावं.

याउलट १ टीबीची चांगली डिस्क कॉम्प्युटरमध्ये ९३१ जीबी दाखवते, तेव्हा दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. यात लबाडी कुणाचीच नाही.

फॉरमॅटचंही एक वाक्य सांगतो, कारण गल्फमधून येणारे भाऊ इथे अडकतात. तिकडे मॅकवर काम करणाऱ्याने इथल्या विंडोजवर भरलेली एनटीएफएस डिस्क लावली, तर ती वाचता येते पण तिच्यात लिहिता येत नाही. फॅट-३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, म्हणून लग्नाची लांब व्हिडिओ जात नाही. दोन्हीकडे चालवायची असेल तर एक्सफॅट करून घ्यावी, मात्र फॉरमॅट केल्यावर आधीचं सगळं पुसलं जातं हे विसरू नये. तिकडून डिस्क विकत आणणार असाल तर वॉरंटी भारतात चालेल का, हे बिल करतानाच विचारा.

आता जमातीच्या दप्तराबद्दल, कारण हा घरापेक्षा मोठा प्रश्न आहे. २०२५ साली वक्फ मालमत्तांची नोंद केंद्राच्या उमीद पोर्टलवर करायची वेळ आली, तेव्हा मशिदीच्या, कब्रस्तानच्या जमिनीचे कागद शोधताना कमिट्यांची किती धावपळ झाली हे आपण पाहिलं. स्कॅन करून अपलोड झालं, बरं झालं. पण ते स्कॅन आज कुठे आहेत? बऱ्याच ठिकाणी ते काम करून देणाऱ्या एखाद्या तरुणाच्या लॅपटॉपवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमध्ये असतील. कॉम्प्युटरवाल्यांमध्ये एक नियम चालतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या गावी. जमातीच्या कागदांना हे सहज जमतं. एक हार्ड डिस्क मशिदीच्या कार्यालयात, एक एसएसडी ट्रस्टीच्या घरी, आणि एक प्रत मुंबईत राहणाऱ्या गावच्या माणसाकडे किंवा क्लाउडवर. कागदांचे स्कॅन फार जागा घेत नाहीत, गूगलच्या फुकटच्या १५ जीबीत हजारो पानं मावतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचेच असतील तर फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर शिक्क्यावरची बारीक अक्षरं दाबली जाऊन वाचता येत नाहीत.

दुसऱ्या गावी किंवा निदान वरच्या मजल्यावर, हा भाग कोकणात आणि नदीकाठी राहणाऱ्यांनी तर अजिबात सोडू नये. दमट हवेसाठी डिस्क बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. नव्वदच्या दशकातल्या लग्नांच्या व्हीएचएस कॅसेटना बुरशी लागलेली आपण पाहिलीच आहे. ज्यांच्या घरी अजून कॅसेट आहेत त्यांनी त्या लवकर उतरवून घ्याव्यात. चालणारे व्हीसीआर दरवर्षी कमी होत आहेत.

राहिला घरच्या बायका-मुलींच्या फोटोंचा प्रश्न. आपल्याकडे लग्नाचा अल्बमसुद्धा कुणाला दाखवायचा याचा विचार होतो, आणि तीच डिस्क आपण दुरुस्तीच्या दुकानात बिनधास्त देऊन येतो. जुना लॅपटॉप विकताना नुसतं डिलीट किंवा साधं फॉरमॅट केलेली हार्ड डिस्क पुन्हा वाचता येते. विकण्याआधी पूर्ण पुसावी, नाहीतर डिस्क काढून घेऊन लॅपटॉप द्यावा. पोर्टेबल डिस्कला कुलूप लावायचं तर विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर आहे, आणि होम आवृत्ती असेल तर व्हेराक्रिप्ट हा फुकट प्रोग्राम चालतो.

पण कुलूप लावलं तर पासवर्ड एकट्याच्या डोक्यात ठेवू नका. अब्बांचा इंतकाल झाला आणि डिस्क समोर असून कुणाला उघडता येत नाही, असं व्हायला नको. बिटलॉकर सुरू करताना रिकव्हरीचा ४८ आकडी नंबर देतो, तो छापून घ्या. व्हेराक्रिप्टला असा मागचा दरवाजा नसतो, तिथे पासवर्डच लिहून ठेवावा लागतो. हा कागद डिस्कच्या डब्यात नको, घराच्या खरेदीखतासोबत ठेवा, आणि तो कुठे आहे हे अम्मीला आणि मोठ्या मुलाला आजच सांगून टाका.