तारखेचा दिवस, सात शर्ट

पहाटे ४.४५

चूल पेटली. घरात गॅस आहे, पण भाकरी चुलीवरच होते. सिलिंडर पुरवून वापरायचा. परातीत ज्वारीचं पीठ, शेजारी गरम पाण्याचं पातेलं. आठ भाकऱ्या, शेंगाची चटणी, कालची डाळ गरम करून. दुपारचंही आत्ताच उरकून ठेवायचं, कारण आज कोर्टाची तारीख आहे.

बाई पंचेचाळिशीची. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावर राहते. तिचं नाव इथं लिहीत नाही, तांड्याचंही नाही. मुलीसाठी स्थळं बघणं चालू आहे.

काही वर्षांपूर्वी या वेळेला ती ओढ्याच्या काठी असायची. हातभट्टी पहाटेच लावायची, उजेडात धूर लांबून दिसतो. गूळ आणि नवसागर घालून सडवलेल्या रसायनाचा वास केसांत बसायचा, दोन-दोन दिवस जायचा नाही. लाकडं डोक्यावरून आणायची. तयार दारू गाडीच्या चाकाच्या रबरी ट्यूबमध्ये भरायची आणि ती ट्यूब अंगावर घेऊन चढण चढायची. “कंबर तिथंच गेली,” ती म्हणते. तवा उतरवताना एक हात कमरेवर जातोच.

सकाळी ६.००

मशीन दाराजवळ आहे, उजेड तिथंच येतो. मोटार लावलेली, जुनी, १४ हजारांना घेतलेली. बचत गटाचं कर्ज काढलं, अजून चार हप्ते राहिलेत. मशीनखाली कापलेल्या मालाचा गठ्ठा आहे. आकाशी रंगाचे शाळेचे शर्ट, अर्ध्या बाहीचे. कापून येतात मालकाकडून. शिवायचं हिनं. काज-बटण पुन्हा तिकडंच.

एका शर्टाचे २६ रुपये. धागा आणि सुई हिची.

कॉलरपाशी बघत बसावं असं काम आहे. कापडाच्या दोन पट्ट्या, मध्ये बकरम. उलट बाजूनं शिवायचं, कोपऱ्यावर कापड तिरकं कातरायचं, मग उलटवून टोक बाहेर काढायचं. टोक काढायला तिच्याकडे रिकामं बॉलपेन आहे. जास्त दाबलं तर शिवण फाटते, कमी दाबलं तर कॉलर बोथट राहते. ती डाव्या अंगठ्याच्या नखानं टोक चाचपते, बोटांतून एकदा ओढते आणि पुढचा घेते. दोन्ही टोकं सारखी आली की नाही हे ती बघत नाही. नखाला कळतं.

सुरुवातीला हे जमत नव्हतं. गावात शिकवायला आलेल्या बाईंनी पंधरा दिवस नुसत्या सरळ रेषा शिवायला लावल्या, जुन्या वर्तमानपत्रावर, धागा न घालता. ट्यूब उचलणाऱ्या हाताला बॉबिन भरणं फार बारीक वाटायचं.

साडेनऊपर्यंत तीन शर्ट होतात.

सकाळी ९.४५

हायवेवर शेअर रिक्षा. शहरापर्यंत २० रुपये. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, पण एसटी या फाट्यावर थांबेल याची खात्री नाही, आणि पुकारा झाला तेव्हा हजर नसलं तर वॉरंट निघतं. म्हणून रिक्षा. पिशवीत पाण्याची बाटली, आधार कार्डाची झेरॉक्स, आणि एका शर्टाच्या दोन बाह्या. तळाची दुमड हातानं घालून ठेवली की नंतर मशीनवर पटकन होतं.

सकाळी ११.००

कोर्टाच्या व्हरांड्यात बाक भरलेले. ती भिंतीला टेकून खाली बसते आणि बाह्या काढते.

तिच्यावर पाच केसेस झाल्या. सगळ्या दारूबंदी कायद्याच्या, कलम ६५. दोन सुटल्या. एकीत दंड झाला, एकीत दंड आणि थोड्या दिवसांची कैद. पाचवी बाकी आहे. ती भट्टी सोडण्याच्या आधीची आहे, पण कोर्टाला आधीचं आणि नंतरचं सारखंच. कलम ६५ तिला पाठ आहे. ९३ सुद्धा, चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र लिहून घेतात ते. शाळा चौथीपर्यंत.

भट्टी सुटली ती सोलापूर ग्रामीण पोलिसांच्या ‘ऑपरेशन परिवर्तन’मुळे. २०२१ मध्ये तेव्हाच्या पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी ते सुरू केलं. मुळेगाव तांड्यासारख्या हातभट्टीच्या ठिकाणी धाडी नवीन नव्हत्या. बॅरल फोडायचे, रसायन ओतून द्यायचं, गुन्हा नोंदवायचा, आणि काही दिवसांत धूर पुन्हा दिसायचा. फुटलेल्या बॅरलचं कर्ज फेडायला माणूस पुन्हा बॅरलच लावतो. या वेळी धाडी थांबल्या नाहीत, पण जोडीला एकेका अधिकाऱ्यानं एकेक गाव दत्तक घेतलं. घरोघरी जाऊन बोलणं, कोण काय काम करू शकतं ते विचारणं, शिवणाचं प्रशिक्षण, सरकारी योजनांचे अर्ज. ज्या शिपायाला बघून ही बाई पळायची, तोच दारात बसून अर्ज भरू लागला. पहिल्या दिवशी तिनं त्याला पाणीही विचारलं नव्हतं. आता तो “मावशी, माल आला का?” असं विचारतो.

पोलिसांनी हे करावं का, असा प्रश्न काही जण विचारतात. माझं उत्तर सरळ आहे. कुणीतरी करायलाच हवं होतं, आणि दुसरं कुणी आलं नव्हतं.

गुन्हेगार असल्याचा शिक्का सोलापूरला जुनाच ओळखीचा आहे. गुन्हेगार जमाती कायद्याखाली इथं तारेच्या कुंपणात माणसं ठेवली होती. हजेरी द्यायची आणि कामाला जायचं. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्यांना मुक्त केलं. त्या भागाला लोक आजही सेटलमेंटच म्हणतात.

दुपारी १२.४०

पुकारा. ती बाह्या पिशवीत कोंबते, पदर नीट करते, आत जाते. साक्षीदार आलेला नाही. पुढची तारीख मिळते, सहा आठवड्यांनंतरची. आतलं काम दोन मिनिटांचं. वकिलांच्या कारकुनाला १०० रुपये, चहा १० रुपये.

शिक्षा झाल्यावर ती एका टॉवेलच्या कारखान्यात गेली होती. घडी घालून पिशवीत भरायचं काम. त्यांनी पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागितला. ती परत गेलीच नाही.

तिला तेव्हा कुणी सांगितलं नाही की १९५८ चा परिवीक्षा कायदा आहे. अशा गुन्ह्यात कोर्ट, योग्य वाटलं तर, दोषी ठरलेल्याला तुरुंगात न पाठवता बंधपत्रावर सोडू शकतं. आणि त्याच कायद्याच्या कलम १२ प्रमाणे, असं सोडलेल्या माणसाला दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागत नाही. त्यासाठी वकिलानं तसा अर्ज करायला हवा. दिवसाला पंधरा केसेस पळवणाऱ्या वकिलाला ते सुचायला हवं.

दुपारी २.३०

घरी. एप्रिलमधलं सोलापूर, पत्र्याखालचं. मशीनची लोखंडी बाजू हाताला चटका देते. ती ओलं फडकं मानेवर टाकते, भाकरी उभ्यानंच खाते आणि मोटार चालू करते. वीस मिनिटांत लाइट जाते. मग पायानं. जुनं पायडल तिनं काढून टाकलेलं नाही, ते याच्यासाठी.

दुपारी ४.१५

लाइट आली. सुई तुटली. १० रुपयांची पुडी आहे घरात, आणायला जावं लागलं नाही.

शेजारच्या दोघी आपापला गठ्ठा घेऊन हिच्या ओट्यावर येतात. इथं सावली आहे. तिघींवरही केसेस आहेत. बोलणं गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत चालतं, मी असल्यामुळे अधूनमधून मराठीत. विषय सोन्याचा भाव, मुलीला आलेलं स्थळ, ‘लाडकी बहीण’ योजनेचे १५०० रुपये. भट्टीचा विषय निघत नाही. मी काढला तेव्हा एक जण म्हणाली, “तिथं रोज रोख हातात यायचं. एवढंच चांगलं होतं.” ती खोटं बोलत नव्हती. दारूचा पैसा संध्याकाळी मिळतो. शिवणाचा शनिवारी.

संध्याकाळी ६.४५

मालाचा टेम्पो. चेकिंगवाला पोरगा शर्ट एकेक झटकून बघतो. कॉलरला बोट लावतो आणि पुढं सरकतो. एका शर्टाची बटणपट्टी वाकडी निघते, पायडलवर शिवलेला तो. “आक्का, हा उसवा.” ती तिथंच उकिडवी बसून उसवते, आत जाऊन शिवून आणते. टेम्पो थांबतो. थांबायला लावण्याइतकी तिची पत आता झाली आहे.

आज सात शर्ट. एरवी बारा होतात.

रात्री ८.३०

हिशोब मुलगी मांडते, वहीच्या मागच्या पानावर. सात गुणिले २६, १८२ रुपये. रिक्षा जाऊन-येऊन ४०, कारकून १००, चहा १०. उरले ३२. त्यातही धाग्याचा कोन धरलेला नाही. हे ३२ रुपयेही शनिवारीच मिळणार. एरवीच्या दिवशी ३१२ मांडले जातात.

या घरात कर्जाचा हप्ता चुकलेला नाही. जानेवारी ते जून तो भरणं सोपं जातं. सोलापूर हे गणवेशाचं गाव आहे, देशभरातल्या शाळांचा माल इथं शिवला जातो. जूनच्या मध्यावर शाळा उघडल्या की गठ्ठे कमी होतात, आणि जुलैत टेम्पो आठवड्यातून एकदा येतो. गेल्या जुलैत शेजारच्या वस्तीतल्या एकीनं मशीन विकली. पुढं ती काय करते, ते ओट्यावर कुणी बोललं नाही.

प्रशिक्षण झालं, मशीन आली, हात तयार झाला. हे सगळं टिकायचं असेल तर काम बारा महिने लागतं. हॉटेलांचे, दवाखान्यांचे, कंपन्यांच्या सुरक्षारक्षकांचे गणवेश वर्षभर लागतात. त्यांची ऑर्डर देणारे बरेच जण हा मजकूर वाचत असतील. जुलै ते डिसेंबरमधले काही गठ्ठे या तांड्यांवर पाठवा. चारित्र्याचा दाखला मागू नका, कॉलर तपासून घ्या.