बेदाणा, तांब्या आणि थकलेली मूत्रपिंडे

तासगावची द्राक्षे आणि तासगावचा बेदाणा यांत फरक तो काय? पाण्याचा, असे तुम्ही चटकन सांगाल. सुमारे चार किलो द्राक्षे वाळवली की एक किलो बेदाणा उरतो. पाणी उडून जाते. पोटॅशियम मात्र उडत नाही, ते बेदाण्यातच राहते. तुम्हांआम्हांला त्याची फिकीर नाही. मूठभर बेदाणे खाल्ले, तर जादा पोटॅशियम आपली मूत्रपिंडे मुकाट्याने बाहेर टाकतात. ज्यांची मूत्रपिंडे थकली आहेत त्यांच्या रक्तात ते साचू लागते, आणि फार वाढले तर हृदयाचा ठोकाच बिघडतो.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. साऱ्या मिळून दिवसाला 180 लिटरच्या आसपास द्रव गाळतात आणि दीड-दोन लिटर सोडून बाकीचा परत रक्तात घेतात. मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब ही या गाळण्या बिघडण्याची दोन मोठी कारणे. मौज अशी, की निम्म्याहून अधिक काम बंद पडले तरी माणसाला पत्ता नसतो. मग निदान ऐकून रोगी म्हणतो, "मला तर काहीच होत नाही, तपासणीच चुकली असेल."

खरी अडचण इथे आहे. हा आजार तापासारखा चार दिवस येऊन जाणारा नव्हे. मेलेली गाळणी पुन्हा उगवत नाही. उरलेल्या मात्र साखर, रक्तदाब आणि मीठ ताब्यात ठेवून पुष्कळ काळ जपता येतात. हे मनाला पटेपर्यंत कित्येकजण या दवाखान्यातून त्या दवाखान्यात, तिथून जडीबुटीवाल्याकडे हिंडतात आणि मोलाचे महिने गमावतात. आजार मान्य केला म्हणजे आयुष्य संपले, असे त्यांना वाटते. जयप्रकाश नारायण यांची मूत्रपिंडे 1975 मध्ये स्थानबद्धतेच्या काळात निकामी झाली आणि मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांच्यावर डायलिसिस सुरू झाले. 8 ऑक्टोबर 1979 रोजी निधन होईपर्यंत ते डायलिसिसवरच होते. त्याच काळात, 1977 च्या निवडणुकीत, त्यांनी प्रचारसभाही घेतल्या.

डायलिसिस म्हणजे बाहेरची गाळणी. हॉलंडमध्ये विलेम कोल्फ यांनी 1943 साली ती सॉसेजच्या सेलोफेन नळीपासून बनवली. पातळ पडद्याच्या एका बाजूने रक्त, दुसऱ्या बाजूने शुद्ध पाण्यात क्षार मिसळलेला द्रव. नको ती द्रव्ये पडद्याच्या छिद्रांतून पलीकडे जातात. चार तासांच्या एका खेपेला असा सुमारे 120 लिटर द्रव लागतो. बहुतेकांना आठवड्यातून तीन खेपा कराव्या लागतात. माण किंवा जत तालुक्यातल्या आडगावाहून साताऱ्याला, कराडला नाहीतर मिरजेला तीनदा यायचे, म्हणजे निम्मा आठवडा एस.टी.तच जातो. काहींना घरच्या घरी पोटातील डायलिसिस सोयीचे पडते, डॉक्टरांना विचारावे.

मधल्या दिवसांचा हिशेब घरातच होतो. लघवी कमी झालेल्या रोग्याला बहुधा आदल्या दिवशीची लघवी अधिक अर्धा लिटर, इतकेच पाणी असते. ते सकाळीच तांब्यात मोजून ठेवतात. आमटी, ताक, कलिंगड हेही त्याच तांब्यातले, बरे का! लोणचे-पापड तोडले की तहानही कमी लागते. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळावी आणि ते पाणी फेकावे, म्हणजे पोटॅशियम घटते. शहाळे आजाऱ्याला चांगले, ही आपली समजूत इथे घातक ठरू शकते. कमी सोडियमच्या मिठातही बहुधा पोटॅशियमच असते. साताऱ्याच्या कंदी पेढ्यात फॉस्फरस. पण सणाला एखादा तुकडा चालेल का, हे आहारतज्ज्ञाला विचारायला काय हरकत आहे? सगळेच तोडले, तर माणूस चिडून सगळेच खातो.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेच्या पुराने सांगलीत पाणी शिरले, रस्ते बंद झाले. अशा वेळी खेप चुकली, तर हाच तांब्या आणि हेच पथ्य दोन दिवस निभावून नेते. म्हणून पावसाळ्यापूर्वीच नदीपलीकडच्या केंद्राचा पत्ता, अलीकडचे अहवाल आणि औषधे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावीत. हे काम तुम्हांला करता येईल.

आणखी एक. ओळखीच्या काकांच्या हातावर डायलिसिससाठी फिस्टुला केला असेल, तर त्या हाताने त्यांना पाण्याची कळशी उचलू देऊ नका. त्यावर हलकेच बोट ठेवले तर मांजराच्या गुरगुरण्यासारखी थरथर जाणवते. ती रोज तपासायची असते. एखाद्या सकाळी लागली नाही, तर त्याच दिवशी केंद्रावर जायचे.