सोनं न लावता सोनं

त्रावणकोरच्या राजघराण्याची व्यक्तिचित्रं काढायला 1868 साली थिओडोर जेन्सन नावाचा युरोपीय चित्रकार तिरुवनंतपुरमला आला. राजवाड्याच्या आश्रयाला असलेल्या विशीतल्या एका तरुणाला त्याच्याकडून तैलरंग शिकायचे होते. जेन्सन शिकवायला काही राजी होईना. फार तर मी रंगवत असताना उभं राहून बघ, म्हणाला. त्याआधी दरबारातल्या रामस्वामी नायकरांनीही आपली विद्या हातची सोडली नव्हती. तेव्हा राजा रविवर्मा तैलरंग शिकले ते दुसऱ्याचा हात बघून, आणि मग एकट्यानं कॅनव्हास खराब करत.

बघून शिकणं ऐकायला सोपं वाटतं. पण तैलरंगांत खरी गंमत घडते ती चित्रकार उठून गेल्यावर. आपण ज्या जवसाची चटणी करतो त्याच जवसाचं तेल या रंगांत असतं. ते पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला प्राणवायू शोषून घेत ते हळूहळू घट्ट होतं, आणि त्याला कित्येक दिवस लागतात. तोवर रंग ओला असतो. त्यामुळे गालावरचा उजेड आणि हनुवटीखालची सावली एकमेकींत विरघळवत नेता येतात, त्यांच्यामधली रेघ पुसून टाकता येते. जलरंग एवढा अवधी देत नाहीत. पहिला थर वाळला की त्यावर पातळ, पारदर्शक रंगाचा दुसरा थर द्यायचा. उजेड त्यातून आत शिरतो, खालच्या थरावर आपटतो आणि रंगून परत येतो. त्वचा आतून उजळल्यासारखी दिसते ती यामुळे. कुठला थर कधी द्यायचा, तेल किती घालायचं, किती दिवस थांबायचं, हे उभं राहून बघणाऱ्याला कसं कळणार? ते स्वतःच्या हातानंच शोधावं लागतं.

रविवर्मा अगदी कोऱ्या पाटीनं आले होते असंही नाही. किळिमानूरला 1848 साली जन्मलेल्या या मुलाला पहिले धडे दिले ते मामा राजराज वर्मांनी, आणि मामांचा हात तंजावरच्या वळणाचा होता. मराठी वाचकानं इथे जरा कान टवकारावेत. तंजावर चित्रशैली बहरली ती तिथल्या भोसल्यांच्या आश्रयानं, म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांच्या वंशजांच्या दरबारात. फळीवर कापड चिकटवायचं, दागिन्यांच्या आणि कमानींच्या जागी लेपाचा उठाव द्यायचा, काचेचे खडे बसवायचे आणि वर खराखुरा सोन्याचा वर्ख लावायचा. देवघराच्या अंधारात समईची ज्योत हलली की वर्खही हलतो, आणि देव जागा असल्याचा भास होतो.

आता रविवर्म्यांच्या एखाद्या व्यक्तिचित्रासमोर उभे राहा आणि गळ्यातली सोन्याची सर बघा. दोन पावलं लांबून ती झगझगते. नाक लावून बघाल तर सोन्याचा कण सापडणार नाही. काळपट तपकिरी, त्याला लागून मातकट पिवळा, जरासा फिकट पिवळा, आणि मण्यांच्या टोकावर पांढुरक्या रंगाचे जाडसर ठिपके. एवढंच! धातू आपल्या आसपासचा उजेड-अंधार आरशासारखा परत फेकतो, म्हणून त्याच्यावर गडद आणि उजळ भाग एकमेकांना खेटून येतात. कापडावर ते सावकाश बदलतात, त्वचेवर त्याहूनही हळुवार. आपली नजर हा फरक जन्मभर वाचत आलेली असते. चित्रकारानं खेटाखेटी नेमकी साधली, की मेंदू आपणहून सोनं पुरवतो.

मला थक्क करते ती गोष्ट ही. वर्खाच्या घरात वाढलेला माणूस, पण त्यानं वर्ख टाकून दिला आणि सोन्याचा हव्यास मात्र ठेवला. युरोपीय व्यक्तिचित्रकाराचं लक्ष बहुधा चेहऱ्यावर जास्त असतं. रविवर्म्यांची नजर चेहऱ्याइतकीच नथीवर, बांगड्यांवर, जरीच्या काठावर रेंगाळते. हत्यार पश्चिमेचं, हौस तंजावरची. केसांत फुलांची माळ घालणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला 1873 साली मद्रासच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं. चांगल्या शिक्षकाच्या शाळेत गेले असते तर हा हव्यास कदाचित पहिल्याच वर्षी घासून काढला गेला असता. उलट बाजूही आहेच. शरीररचनेचा रीतसर अभ्यास नसल्याच्या खुणा त्यांच्या काही आकृत्यांत दिसतात. उभं राहण्यात नाटकातल्या पात्रासारखा ताठरपणा येतो. आणि स्वयंशिक्षित म्हटलं तरी राजवाड्याचा आश्रय, रंग आणि रिकामा वेळ हाताशी होता, हे विसरून चालणार नाही.

पुढे मिश्रण आणखी दाट झालं. त्रावणकोरचे दिवाण सर टी. माधवराव तंजावरी मराठी घराण्यातले. तेच नंतर बडोद्याचे दिवाण झाले, आणि रविवर्म्यांना सयाजीरावांच्या दरबाराची वाट सापडली. बडोद्यासाठी चौदा पौराणिक चित्रं करायची ठरली. पण दमयंतीनं, सीतेनं नेसायचं काय? केरळातल्या बायकांचा पारंपरिक वेश मुंडूचा. साडी तिथली नव्हेच. रविवर्मा भाऊ राजराज वर्मांना (नाव मामांचंच) घेऊन उत्तरेकडे फिरले, ठिकठिकाणचे वेश पाहिले आणि पुराणातल्या नायिकांना साडी नेसवली. आश्रमातली शकुंतलासुद्धा साडीत! आज आपल्याला त्यात काही खटकत नाही, इतकी ती सवयीची झाली आहे.

ती सवय लागली छापखान्यामुळे. चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात हे माधवरावांनीच सुचवलं होतं. 1894 साली मुंबईत यंत्रं बसली. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. ही छपाई दगडावरची. तेलकट शाईला पाणी नको असतं, या एवढ्याशा गोष्टीवर सगळा खेळ. गुळगुळीत चुनखडीवर तेलकट खडूनं उलटं चित्र काढायचं, दगड ओला करायचा, शाई फिरवायची. शाई फक्त रेघांनाच धरते. आणि प्रत्येक रंगाला वेगळा दगड. म्हणजे कारागिरांना मूळ चित्र मनातल्या मनात एकेका रंगात सोलून काढावं लागे. वर्खाचं सोनं रंगांत उतरलं होतं, ते आता शाईच्या ठिपक्यांत उतरलं आणि थोड्या पैशांत घरोघरी पोचलं.

घरोघरी त्याचं काय झालं, ते रविवर्म्यांच्या हातात नव्हतं. अनेक घरांतल्या बायकांनी लक्ष्मी-सरस्वतीच्या या चित्रांवर खरी जर टाकली, टिकल्या आणि मणी टाचले, खऱ्या कापडाची साडी कापून चिकटवली. अशा सजवलेल्या प्रती आज संग्राहक जपून ठेवतात. त्यांत चित्रकारानं मेहनतीनं रंगवलेलं रेशीम आणि दागिने खऱ्याखाली झाकून गेलेले असतात, आणि उघडे ठेवलेले असतात ते फक्त चेहरा आणि हात.