तिचं हेडक्वार्टर

१९७६ साली संसदेने सेल्स प्रमोशन एम्प्लॉईज ॲक्ट केला. औषध कंपन्यांच्या एम.आर. (मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह) मंडळींना नेमणूकपत्र, हक्काची रजा, ग्रॅच्युइटी यांचा आधार मिळाला तो या कायद्याने, आणि त्यामागे त्यांच्या संघटनांची चिवट लढाई होती. त्याच कायद्यात एक तरतूद होती: १९६१ चा मातृत्व लाभ कायदा या नोकरीतल्या स्त्रियांनाही लागू राहील. तेव्हा आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे औषधाची बॅग घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसलेली बाई क्वचितच दिसायची. कायदा पुढे निघून गेला होता. माणसं तिथवर पोहोचायला पुढची बरीच वर्षं गेली, आणि काही ठिकाणी ती अजून पोहोचलेली नाहीत.

त्या काळचा एम.आर. म्हणजे टाय, पॉलिश केलेले बूट, चामड्याची बॅग आणि एस.टी.चं वेळापत्रक. डॉक्टरांची ओ.पी.डी. सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी सहानंतर, पेशंट संपेपर्यंत. मधल्या वेळात केमिस्ट आणि स्टॉकिस्ट. महिन्यातले काही दिवस आऊटस्टेशन, म्हणजे लॉजवर मुक्काम. एकट्या बाईला खोली द्यायला लॉजवाला कां-कूं करायचा. एस.टी. स्टँडवरच्या स्वच्छतागृहाबद्दल बोलायलाच नको. दिवसभर पाणी न पिता काम केलेल्या किती मुली मी पाहिल्या आहेत! मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गावरची अँटिबायोटिक्स डिटेल करणाऱ्या, म्हणजे डॉक्टरांना समजावून सांगणाऱ्या, मुलींनाच तो आजार व्हावा, याची मला आजही चीड येते. टीम बांधणीवरच्या एकाही व्याख्यानात मी हा विषय निघालेला ऐकला नाही.

बदल आधी आला तो रस्त्यावर. पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक आणि जपानची होंडा यांनी मिळून १९८४ मध्ये बिनगिअरची, बटणावर सुरू होणारी स्कूटर आणली. नव्वदच्या दशकात स्कूटी आली, पुढे ॲक्टिव्हा. साडी किंवा पंजाबी ड्रेस घालून, पायात बॅग ठेवून एका दिवसात इचलकरंजी-जयसिंगपूर करून संध्याकाळच्या कॉलला कोल्हापुरात परत येता येऊ लागलं. औषधविक्रीतल्या बाईसाठी या गाड्यांनी जे केलं, ते पुष्कळ कंपन्यांच्या धोरणपत्रकांनी केलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. मी स्वतः नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कोल्हापूर हेडक्वार्टरला, म्हणजे नेमणुकीच्या गावी, रुजू झाले ती अशीच एक गाडी हाताशी होती म्हणून.

गाडी आली तरी कट्टा राहिलाच. दुपारी दोन ते पाच एम.आर. लोक कुठल्या तरी चहाच्या टपरीवर जमतात. कुठल्या डॉक्टरांनी कोणता मॉलिक्यूल लिहायला सुरुवात केली, कुठल्या स्टॉकिस्टकडे माल पडून आहे, कोणाची कुठे जागा निघते आहे, हे सगळं तिथे कळतं. बाई तिथे उभी राहिली तर लोक बघत, आणि राहिली नाही तर बातमी चुकत असे. मॅनेजर जॉइंट वर्कला, म्हणजे एम.आर.सोबत फिरायला, आला की त्याने हिच्या स्कूटरवर मागे बसायचं का, हा प्रश्न हसण्यावारी नेला जाई. पण कित्येक मॅनेजरांनी ‘बाई नको’ असं ठरवलं ते याच अवघडलेपणातून. पुढे एका कंपनीने जॉइंट वर्कच्या दिवसांचं रिक्षाभाडं मंजूर केलं. प्रश्न तिथेच संपला. बाजारातल्या बातम्या शनिवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मांडायची पद्धत पडली, तेव्हा कट्ट्यावर न जाणाऱ्यांनाही त्या मिळू लागल्या. त्यात गावाकडून आलेले, शाकाहारी, कुणाशी फारसं न बोलणारे पोरगेही आले.

त्या पोरग्यांबद्दलही इथे लिहायला हवं. लातूर-नांदेडकडून बी.एस्सी. करून आलेला, मराठी माध्यमातला मुलगा इंग्रजी डिटेलिंग पाठ करून यायचा आणि डॉक्टरांनी मध्येच प्रश्न विचारला की अडकायचा. त्याला औषध कळत नव्हतं असं नाही. त्याच डॉक्टरांशी तो मराठीत बोलला की डोस, दुष्परिणाम, किंमत सगळं नेमकं सांगायचा. ज्या एरिया मॅनेजरांनी त्याला मराठीत बोलायची मुभा दिली, त्यांची टेरिटरी चालली. मुस्लिम एम.आर.ला नव्या हेडक्वार्टरला भाड्याने घर मिळत नाही, हेही मॅनेजरला ठाऊक असायला हवं. बदलीचं पत्र हातात देताना कंपनीने घरासाठी चार फोन केले तर त्याची पहिली तिमाही वाया जात नाही.

बायकांची खरी अडचण पहिल्या बढतीपाशी येते. एम.आर.चा एरिया मॅनेजर होताना बहुतेक वेळा जिल्हा बदलतो, पाच-सहा जणांची टीम येते आणि बाहेरचे मुक्काम वाढतात. हे घडतं तिशीच्या आसपास, लग्न आणि बाळंतपण याच वर्षांत असताना. मग सहानुभूतीने सुचवलं जातं, ‘ट्रेनिंगला ये, हेड ऑफिसला प्रॉडक्ट मॅनेजमेंटला ये.’ कामं चांगली आहेत, मानाचीही आहेत. पण दहा वर्षांनी सेल्स हेडची जागा निघते तेव्हा पहिला प्रश्न येतो, ‘टीम चालवली आहे का?’ आणि तिच्याकडे उत्तर नसतं. तिला मागे ठेवायचं असं कुणी ठरवलेलं नव्हतं. ती वाट बंद केली सहानुभूतीनेच.

कायदे येत राहिले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळावर विशाखा निकाल दिला, २०१३ मध्ये लैंगिक छळ प्रतिबंधाचा कायदा झाला. विक्रीतल्या बायकांसाठी त्यातली महत्त्वाची ओळ अशी की, कामानिमित्त कर्मचारी जिथे जाते ती प्रत्येक जागा ‘कामाची जागा’ ठरते. म्हणजे दवाखाना, स्टॉकिस्टचं गोदाम, कॉन्फरन्सचं हॉटेलसुद्धा. बाहेरच्या माणसांपासून तिला सुरक्षित ठेवणं हेही मालकाचं कर्तव्य आहे. तरी ‘मोठा प्रिस्क्रायबर आहे, सांभाळून घे’ हे वाक्य मी त्यानंतरही ऐकलं आहे. ते म्हणणाऱ्या मॅनेजरला टीम सोपवू नये, इतकं ते गंभीर आहे.

२०१७ मध्ये बाळंतपणाची रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. फील्डवर त्याचा उलटा परिणामही दिसला, कारण टेरिटरीचं टार्गेट तसंच राहिलं. मॅनेजरचा इन्सेंटिव्ह त्याच टेरिटरीवर, त्यामुळे मुलाखतीत त्याची नजर मुलीच्या मंगळसूत्रावर जाऊ लागली. मातृत्व लाभ कायद्यात २०२५ पर्यंत वेतनाच्या व्याख्येत इन्सेंटिव्ह बोनसही मोडत होता, हे किती जणींना कुणी सांगितलं? जिथे रजेच्या काळात टार्गेट वजा केलं गेलं आणि बदली माणूस दिला गेला, तिथे ही कुरबुर थांबली. कोविडच्या टाळेबंदीत डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलायची सवय लागली आणि मुक्कामांची संख्या सगळ्यांचीच घटली. तेव्हा लक्षात आलं की त्यातले बरेच मुक्काम पूर्वापार चालत आलेलं वळण होतं, धंद्याची गरज फार थोडी.

वर पाहिलं तर चित्र उजळ दिसतं. ल्युपिनच्या विनिता गुप्ता २०१३ मध्ये सी.ई.ओ. झाल्या, पुण्याच्या एमक्युअरमध्ये नमिता थापर आहेत. दोघींचंही कर्तृत्व मोठं, पण दोघी संस्थापकांच्या घरातल्या. माझ्या दृष्टीने अधिक बोलकं उदाहरण औषधांबाहेरचं आहे. मुंबईच्या सिडनहॅम आणि पुण्याच्या सिम्बायोसिसमध्ये शिकलेल्या प्रिया नायर १९९५ मध्ये हिंदुस्तान लिव्हरमध्ये लागल्या, विक्री आणि मार्केटिंगच्या पायऱ्या चढत गेल्या आणि १ ऑगस्ट २०२५ ला त्या कंपनीच्या पहिल्या स्त्री प्रमुख झाल्या. तीस वर्षांत त्यांच्यासाठी मधली एकेक पायरी खुली राहिली, म्हणून हे घडलं. आपल्या झोनमध्ये किती बायका एरिया मॅनेजर आहेत, हे मोजलं की कळतं आपल्याकडे पुढच्या तीस वर्षांत काय घडणार आहे.

टीम समावेशक आहे की नाही हे टूर प्रोग्राममध्ये दिसतं. कोण कुठे मुक्कामाला, कुणाला कुठला पॅच, बढतीला कोणती कामं मोजली जातात, सगळं त्या एका कागदावर असतं. एरिया आणि रिजनल मॅनेजरांनो, येत्या एप्रिलमध्ये नवे पॅच आखताना तो कागद एकट्याने लिहू नका. टीममधल्या बाईला शेजारी बसवा, आणि एका टीमची सगळी हेडक्वार्टर्स तिच्या हेडक्वार्टरपासून तीन तासांच्या प्रवासात बसतात का ते नकाशावर पाहा. बसली, तर मुक्कामांची अडचण उरत नाही; तिचं नाव याच वर्षी बढतीसाठी पाठवा.