वजन कळलं, आकार कळेना

अल्केन म्हणजे हायड्रोकार्बनांमधले सर्वांत निरिच्छ रेणू. सहजासहजी कुणाशी अभिक्रिया करत नाहीत. १९७९ साली डेलावेअर विद्यापीठात ॲलिसन, फ्रीस आणि रिज यांनी निर्वातात लोखंडाच्या सुट्या आयनाची गाठ आयसोब्यूटेनशी घालून दिली. त्या एकट्या आयनाने कार्बन-कार्बन बंध तोडून मिथेन बाहेर काढला. तिथे द्रावक नव्हता, पृष्ठभाग नव्हता. धातूचा मूळ स्वभाव इतका उघडा क्वचितच दिसतो.

अणू वाढवत नेले तर? १९८१च्या सुमारास राइस विद्यापीठात स्मॉली यांच्या गटाने लेझरने धातूची वाफ करून ती हेलियमच्या झोतात थंड करण्याची पद्धत बसवली. हव्या त्या धातूचे पुंजके मिळू लागले, आणि एका अणूच्या फरकाने अभिक्रिया किती बदलते तेही दिसलं.

मला या काळातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते १९९२ साल. पेन स्टेट विद्यापीठात कॅसलमन यांचा गट टायटॅनियम हायड्रोकार्बनांमधून हायड्रोजन कसा काढतो ते तपासत होता. मास स्पेक्ट्रममध्ये ५२८ या वस्तुमानाचं शिखर बाकी सगळ्यांच्या वर उभं राहिलं: आठ टायटॅनियम, बारा कार्बन, हायड्रोजन एकही नाही. या पुंजक्यावर अमोनिया सोडला तर त्याचे बरोबर आठ रेणू चिकटत. म्हणजे आठही धातू-अणू बाहेरच्या बाजूला. गटाने बारा पंचकोनांचा पोकळ पिंजरा सुचवला आणि नाव पडलं ‘मेट-कार’.

पण वस्तुमान मोजणारं यंत्र आकार सांगत नाही. सिडनीच्या इयान डॅन्स यांच्या गणिताने वेगळीच रचना अधिक स्थिर ठरवली: चार धातू-अणू आत, चार बाहेर आणि कार्बनच्या सहा जोड्या. आतले चारही अमोनियाला गाठता येण्याजोगे, त्यामुळे त्याचा पुरावा या रचनेलाही चालत होता! त्याच दशकात जपानच्या केइओ विद्यापीठात काया आणि नाकाजिमा यांना व्हॅनेडियम आणि बेंझीनचे एकाआड एक थर मिळाले. निकेल-कोबाल्टचा मात्र गोळा होऊन बेंझीन त्याला बाहेरून लपेटत असे. धातू बदलला की बंधाची तऱ्हा बदलली.

१९९९ साली नेदरलँड्समधल्या ‘फेलिक्स’ या मुक्त-इलेक्ट्रॉन लेझरचा अवरक्त प्रकाश मेट-कारवर पाडला गेला. सेंटिमीटरला सुमारे १४०० तरंग येतील तिथे कार्बनच्या जोड्यांचं कंपन उमटलं, आणि गणिताच्या आराखड्यांना ताडून पाहण्यासाठी वजनाखेरीज दुसरं मोजमाप हाती आलं.