व्हिडिओ संपला, शिकणं झालं का?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम' या केंद्र सरकारच्या मंचावरून ऑनलाइन पूर्ण करून त्यांचे श्रेयांक पदवीत धरता येतात. म्हणजे पदवीचा मोठा भाग पडद्यावरच्या व्याख्यानांवर उभा राहू शकतो. मग विचारायला हवं, की व्याख्यान शेवटपर्यंत पाहिलेल्या विद्यार्थ्याला विषय आला, हे कशावरून ठरवायचं? संशोधकांनी हा प्रश्न कसा सोडवत नेला, ते क्रमाने पाहू.

पहिला मार्ग नोंदींचा. ऑनलाइन व्याख्यान पाहताना आपण कुठे थांबलो, कुठे मागे गेलो, केव्हा पान बंद केलं, याची प्रत्येक नोंद सर्व्हरवर राहते. फिलिप ग्वो, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी 'एडएक्स' या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरच्या चार अभ्यासक्रमांतल्या अशा नोंदी तपासल्या. व्हिडिओ पाहण्याची तब्बल ६९ लाख सत्रं त्यांच्यासमोर होती. २०१४ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: व्हिडिओ कितीही लांब असो, विद्यार्थी साधारणपणे जास्तीत जास्त ६ मिनिटं त्याच्यासोबत राहतात. नुसत्या स्लाइड्सपेक्षा मधूनमधून शिक्षकाचा चेहरा दिसला, किंवा शिक्षक हाताने लिहीत, आकृत्या काढत समजावत असला, तर विद्यार्थी अधिक वेळ टिकतात.

या नोंदींमुळे व्याख्यानांचे लहान भाग करण्याला मोठा आधार मिळाला. पण नोंद सांगते ती वेळ. त्या वेळात डोक्यात काय शिरलं, ते ती सांगत नाही. शिवाय व्हिडिओ पूर्ण पाहणारा विद्यार्थी मुळातच जास्त मेहनती असू शकतो. त्याला गुण चांगले पडले, तर श्रेय व्हिडिओला द्यायचं की मेहनतीला?

हा गुंता सोडवण्यासाठी दुसरा मार्ग लागतो, तो प्रयोगाचा. कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं. मग मेहनती, आळशी, हुशार, साधारण असे सगळेच दोन्ही गटांत सारखे विखुरतात. त्यानंतर फक्त एकच गोष्ट वेगळी ठेवायची. पुढे फरक पडलाच, तर तो त्या एका गोष्टीमुळे पडला असं म्हणायला आधार मिळतो.

कार्ल स्पूनार, नोव्हाल खान आणि डॅनियल शॅक्टर यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग असाच आहे. विद्यार्थ्यांना संख्याशास्त्राचं २१ मिनिटांचं व्याख्यान चार भागांत दाखवलं. एका गटाला प्रत्येक भागानंतर त्या भागावरचे छोटे प्रश्न सोडवायला दिले. दुसऱ्या गटाला तेच प्रश्न उत्तरांसह फक्त वाचायला दिले. तिसऱ्या गटाला प्रश्न दिलेच नाहीत. व्याख्यान सुरू असताना मधेच 'आत्ता तुमचं लक्ष भरकटलं होतं का?' असंही विचारलं. प्रश्न न मिळालेल्या गटात सुमारे ४१ टक्के वेळा 'हो' असं उत्तर आलं, आणि नुसतं वाचणाऱ्या गटातही जवळपास तितक्याच वेळा. प्रश्न सोडवणाऱ्या गटात हे प्रमाण १९ टक्के होतं. त्यांनी टिपणंही कितीतरी जास्त काढली आणि शेवटच्या भागावरच्या चाचणीत ते पुढे राहिले. व्याख्यान तेच, शिक्षक तोच, वेळ तेवढाच. फरक होता तो स्वतः आठवून उत्तर देण्याचा.

प्रश्नांनी लक्ष टिकतं हे एक कारण झालं. दुसरं कारण स्मरणशक्तीच्या कामाशी निगडित आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कारपिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काही उतारे विद्यार्थ्यांनी दुसऱ्यांदा वाचले. काहींच्या बाबतीत पुन्हा वाचण्याऐवजी आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली, तेव्हा पुन्हा वाचणं सरस ठरलं: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने मात्र चित्र उलटलं. पुन्हा वाचलेलं ४२ टक्के आठवलं, तर एकदा आठवून लिहिलेलं ५६ टक्के. शेतातल्या पायवाटेवरून जितकं चालावं तितकी ती मळते, तसंच आठवणीचं आहे: आठवण्याची क्रियाच ती आठवण पक्की करते.

इतकं स्पष्ट असूनही विद्यार्थी पुन्हा पुन्हा वाचत, पाहत राहतात, कारण त्यात आपल्याला सगळं येतंय असं वाटतं. लुई देलोरिए आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांत हे नेमकं पकडलं. स्वतः गणितं सोडवत शिकलेल्या विद्यार्थ्यांना चाचणीत जास्त गुण मिळाले, पण 'आपण कमी शिकलो' असं त्यांनाच वाटलं. ओघवतं व्याख्यान ऐकणाऱ्यांना उलट वाटलं. गणितं सोडवणाऱ्यांनी डोक्याला पडणाऱ्या ताणालाच न समजण्याचं लक्षण मानलं होतं. म्हणूनच 'व्याख्यान आवडलं का?' एवढंच विचारणाऱ्या अभिप्रायावरून अभ्यासक्रमाची पारख होत नाही.

यातल्या काही प्रयोगांतला कालावधी मिनिटांचा किंवा आठवड्याचा आहे, संपूर्ण सत्राचा नाही, हे ध्यानात ठेवायला हवं. तरीही वेगवेगळ्या पद्धतींनी केलेली ही कामं एकाच दिशेला बोट दाखवतात. 'स्वयम'वरच्या एनपीटेल या उपक्रमाच्या अभ्यासक्रमांत दर आठवड्याचा स्वाध्याय असतो, त्याकडेही याच दृष्टीने पाहावं. स्वाध्यायाला अंतिम गुणांत २५ टक्के वाटा आहे. उरलेले ७५ टक्के केंद्रावरच्या परीक्षेचे. मित्राकडून उत्तरं घेऊन स्वाध्याय भरला तर गुण मिळतील, पण आठवण्याची जी क्रिया व्हायला हवी होती ती होणार नाही.

ऑनलाइन शिकणाऱ्या प्रत्येकाला म्हणून एवढंच सांगणं: दर पाच-सहा मिनिटांनी व्हिडिओ थांबवा, वही उघडा आणि न पाहता मुद्दे लिहा. अडलात तर मागे जा. दोन दिवसांनी आणि आठवड्याने पुन्हा कोऱ्या कागदावर लिहून पाहा. आणि व्याख्यानं तयार करणाऱ्या प्राध्यापकांना विनंती, की कॅमेरा आणि प्रकाशयोजना यांच्याइतकाच वेळ मधल्या प्रश्नांवर खर्च करा. त्यासाठी जास्त पैसा लागत नाही, आणि विद्यार्थ्याचं शिकणं बरंचसं त्यावर अवलंबून आहे.