रोखलेल्या श्वासाची अक्षरे

कॉकेशस पर्वताच्या कुशीतल्या जॉर्जिया देशात वाऱ्याला 'कारी' म्हणतात आणि दारालाही 'कारी'च. निदान आपल्या कानांना तसे वाटते. जॉर्जियन माणसाची मात्र कधी गल्लत होत नाही. वाऱ्यातला 'क' सैल, जवळजवळ आपल्या 'ख'सारखा. दारातला 'क' कोरडा, चटकन तुटणारा.

हा दुसरा 'क' निघतो कसा? आपण एरवी बोलतो ते फुप्फुसातून येणाऱ्या हवेवर. इथे त्या हवेला वाटच नसते. जीभ टाळूला टेकते, त्याच वेळी गळ्यातले स्वरतंतू घट्ट मिटतात. मग स्वरयंत्र किंचित वर सरकते, मधे कोंडलेली हवा दाबली जाते आणि जीभ सुटताच बाटलीचे बूच उडावे तसा आवाज होतो. मी करून पाहिले : श्वास रोखून 'ख' म्हणता येत नाही, पण 'क' निघतो! वाचकहो, तुम्हीही गळ्यावर बोट ठेवून पाहा.

आपल्या जुन्या व्याकरणकारांनी व्यंजने प्राणावरून वाटली. 'क' अल्पप्राण, 'ख' महाप्राण. या ध्वनींत तर फुप्फुसातला प्राण लागतच नाही. तरीही इथिओपियातील अम्हारिक, अमेरिकेतील नावाहो अशा किती तरी भाषांत लहान मुले ते सहज बोलतात.

मात्र असे ध्वनी टिकतात ते बोलणाऱ्यांच्या मुखातच. १९७८ साली सोव्हिएत राजवटीत जॉर्जियनचा राजभाषेचा दर्जा काढण्याचा घाट घातला गेला. १४ एप्रिलला हजारो लोक तिबिलिसीच्या रस्त्यांवर उतरले आणि सरकारला माघार घ्यावी लागली.

काळ्या समुद्राकाठच्या उबिख लोकांचे नशीब एवढे थोर नव्हते. रशियाने १८६४ मध्ये त्यांचा मुलूख जिंकला आणि ते तुर्कस्तानात विखुरले. त्यांच्या भाषेत ८०हून अधिक व्यंजने होती, त्यांत ही रोखलेल्या श्वासाचीही पुष्कळ. घरात हळूहळू तुर्की आली. तेवफिक एसेंच यांनी जॉर्ज ड्यूमेझिल या फ्रेंच पंडिताला आपली भाषा वर्षानुवर्षे सांगितली. ७ ऑक्टोबर १९९२ रोजी ते वारले आणि उबिख अस्खलित बोलणारा शेवटचा माणूस गेला.

ध्वनिफितींवर ते आवाज आजही ऐकू येतात. पण 'वारा येतोय, दार लाव गं,' असे त्या भाषेत म्हणणारी आई आता कुठल्याच घरात नाही.